‘बेपत्ता’ की ‘हरवलेल्या’? आणि ‘इंडिजिनस’ला काय म्हणावं?

प्रश्न असा आला आहे : कॅनडात ५ मे रोजी ‘रेड ड्रेस डे’ पाळतात, घरी न परतलेल्या स्त्रियांच्या आठवणीत रिकामे लाल झगे टांगून ठेवतात. त्या दिवसाच्या मराठी पत्रकासाठी ‘मिसिंग अँड मर्डर्ड इंडिजिनस विमेन’चं भाषांतर हवं आहे. यंत्राने ‘हरवलेल्या आणि हत्या झालेल्या स्थानिक महिला’ असं दिलं. चालेल का?

नाही चालणार. आधी ‘स्थानिक’ काढा. स्थानिक म्हणजे त्या गावचा, त्या भागातला. टोरांटोत घर केलेली पुणेकरीणही त्या अर्थाने स्थानिकच. इथे विषय आहे कॅनडाच्या मूळ रहिवाशांचा, म्हणजे फर्स्ट नेशन्स, इन्युइट आणि मेटी या समूहांचा, ज्यांचे हक्क कॅनडाने १९८२ च्या राज्यघटना कायद्यात मान्य केले. ‘मूलनिवासी’ अर्थाने जवळचा, पण महाराष्ट्रात त्या शब्दामागे एक वेगळी राजकीय चळवळ उभी आहे, वाचक तिकडे वळेल. ‘रेड इंडियन’ तर जुन्या पाठ्यपुस्तकांतच राहू द्या. माझं मत ‘आदिवासी’ला. वाचकाला मेळघाट आठवेल, हा आक्षेप मला पटत नाही; ऑस्ट्रेलियातल्या मूळ रहिवाशांनाही आपण आदिवासीच म्हणत आलो आहोत. पहिल्या उल्लेखात तिन्ही समूहांची नावं दिली की झालं.

खरी अडचण ‘हरवलेल्या’ची. मराठीत छत्री हरवते, किल्ली हरवते. माणूस हरवतो तो जत्रेत, बहुधा लहान मूल. त्यात दोष कुणाचाच नसतो, असलाच तर थोडा हरवणाऱ्याचा. ब्रिटिश कोलंबियात प्रिन्स जॉर्जहून प्रिन्स रूपर्टला जाणारा महामार्ग १६ आहे, सातशे किलोमीटरहून लांब. पुरेशा बस नव्हत्या, गाडी नव्हती, म्हणून तिथे लिफ्ट मागत निघालेल्या कितीतरी आदिवासी मुली घरी पोचल्या नाहीत. लोक त्याला ‘हायवे ऑफ टिअर्स’ म्हणतात. त्या मुली वाट चुकल्या नव्हत्या.

‘परागंदा’ त्याहून वाईट, कारण ती आपणहून गेली असा त्यात आरोप आहे. ‘पळून गेली असेल, येईल परत’ हे पोलिसांचं उत्तर याच प्रकरणांसाठी नेमलेल्या कॅनडाच्या राष्ट्रीय चौकशी आयोगापुढे (२०१६–१९) अनेक कुटुंबांनी सांगितलं. आपल्याकडच्या चौक्यांतही ते वाक्य अनोळखी नाही.

म्हणून ‘बेपत्ता’. फारसी ‘बे’ आणि आपला ‘पत्ता’ : ठावठिकाणा लागत नाही. यात शोधणारा गृहीत धरलेला आहे, आणि मग तो शोधतोय का, हेही विचारता येतं. अमेरिकेत २०१६ साली आदिवासी स्त्रिया व मुली बेपत्ता झाल्याच्या ५,७१२ तक्रारी नोंदल्या गेल्या. न्याय खात्याच्या बेपत्ता व्यक्तींच्या माहितीसाठ्यात मात्र त्यांतल्या ११६ च होत्या. बाकीच्या कागदावरूनही बेपत्ता!

‘हत्या’ला माझी हरकत सौम्य आहे. पण ‘खून’ हा गुन्ह्याचा सरळ मराठी शब्द हाताशी असताना हिंदी बातम्यांच्या वळणाने का जावं?

आता व्याकरण. ‘बेपत्ता आणि खून झालेल्या’ असं लिहिलंत तर एकाच बाईबद्दल दोन्ही गोष्टी सांगितल्यासारखं होतं. कॅनडाच्या संघीय पोलिसांनी २०१४ मध्ये प्रकरणं मोजली तेव्हा दोन्हींचे आकडे वेगवेगळे दिले : १९८० ते २०१२ मधले १,०१७ खून, शिवाय १६४ बेपत्ता. तेव्हा ‘झालेल्या’ दोनदा येऊ द्या, कानाला खटकलं तरी. आयोगाच्या नावात मुलीही आहेत, त्या गाळू नका. ‘बेपत्ता झालेल्या आणि खून झालेल्या आदिवासी स्त्रिया व मुली’. लांब आहे, पण बरोबर आहे.

पत्रकात ‘नो मोअर स्टोलन सिस्टर्स’ ही घोषणाही असेल, तर ‘चोरलेल्या बहिणी’ कृपा करून नको. बहीण ही वस्तू नव्हे. ‘आमची आणखी एकही बहीण हिरावू देणार नाही’ असं म्हणा. मोर्च्यात ओरडताही येईल.