भाव पडेल त्या दिवशी कापूस कोण घेणार?

चि. …स, अनेक आशीर्वाद.

तुझं टिपण दोनदा वाचलं. सीसीआय, म्हणजे भारतीय कपास निगम ही केंद्राची कापूस खरेदी करणारी कंपनी, सरकारने विकावी की ठेवावी यावर पाच पानं लिहिलीस आणि शेवटी दोन्ही बाजूंना मान डोलावलीस. गोंधळ प्रामाणिक आहे, म्हणूनच लिहायला बसलो. मालक कोण, हा प्रश्न तू पहिल्या पानावर घेतलास. तो शेवटी घे. आधी विचार: भाव पडेल त्या दिवशी कापूस घ्यायला बांधील कोण?

तू दिलेला ऑस्ट्रेलियाच्या गहू मंडळाचा दाखला इथे बसत नाही. 1999 साली त्याची कंपनी झाली, पण गहू निर्यातीचा एकाधिकार तिच्याकडेच राहिला. 'अ' वर्गाचे समभाग पिकवणाऱ्यांकडे, त्यांना लाभांश नाही. 'ब' वर्गाचे गुंतवणूकदारांकडे. पुढे इराकला दिलेल्या लाचेची चौकशी झाली आणि 2008 मध्ये एकाधिकार गेला. तिथे हक्क विकला होता. सीसीआयकडे हक्क कुठला? चोपड्यात, पारोळ्यात खेडा खरेदीवाला दारात येऊन मोजून नेतो, त्याला कुणी अडवत नाही. सीसीआयकडे आहे ती जबाबदारी: बाजार हमीभावाखाली गेला की हमीभावाने घ्यायचं. 2014-15 ते 2020-21 या हंगामांसाठी केंद्राने त्यापोटी 17,408.85 कोटी रुपये मंजूर केले. हा बोजा उचलायला कुणी बोली लावणार नाही. बोली लागेल ती जागेवर आणि गोदामांवर.

'खासगी आलं की काम सुधारतं' हे वाक्य खोड. जिनिंग, म्हणजे कापसातून सरकी काढून रुई वेगळी करणं, आजही खासगी कारखान्यांतच होतं. आणि गळती नेमकी तिथे आहे. उतारा, म्हणजे कापसातून निघणारी रुई, 34 टक्के धरला तर पाच क्विंटल कापसाला 170 किलो रुईची एक गाठ. कागदावर 33 दाखवला की 170 क्विंटलमागे एक गाठ गायब. मालक बदलून हे थांबत नाही. प्रत्येक ढिगाचा उतारा रोज फलकावर लावला तर थांबतं.

आता खरेदीची जबाबदारी जो कुणी घेईल त्याच्याशी करायच्या करारात काय हवं ते लिही. तालुक्यागणिक केंद्रांची संख्या आणि ती उघडण्याची तारीख. ओलाव्याचं यंत्र शेतकऱ्यासमोर लावायचं: 8 टक्क्यांपर्यंत पूर्ण भाव, पुढे टक्क्यामागे 1 टक्का कपात, 12 च्या वर नकार. 2025-26 चा लांब धाग्याचा हमीभाव क्विंटलला 8,110 रुपये, म्हणजे 12 टक्क्यांना 324 रुपये 40 पैसे गेले. नकार दिला तर कारणासह लेखी चिठ्ठी. चिठ्ठी नसेल तर भाव पडलेल्या आठवड्यात सगळाच कापूस 'ओला' निघतो.

तोट्याची भरपाई हा सगळ्यात अवघड भाग, आणि त्याला तू दोन ओळी दिल्यास! सगळा तोटा सरकारने भरला तर खरेदीदार गाठी आपल्याच माणसाला स्वस्तात देईल. काहीच भरला नाही तर केंद्राला कुलूप. म्हणून गाठींचा खुला ई-लिलाव, आणि भरपाई त्या लिलावाच्या भावावरूनच. शिवाय हंगामाआधी मोठी अनामत, केंद्र बंद ठेवल्यास जप्त.

आमच्या पिढीने कंपनी कुणाची यावर भांडण्यात वर्षं घालवली, बांधिलकी मात्र कुणाकडून लिहून घेतली नाही. याची रुखरुख आहे. हट्टी म्हणतात मला, म्हणू देत. कलम लिहून न घेता विक्रीला हो म्हणणं मला पटत नाही, आणि पटणारही नाही.

टिपण नव्याने लिही, वेचणी सुरू व्हायच्या आत पाठव. पान तीनवरचा सरकीचा हिशेब बरोबर आहे, तो तसाच ठेव.

तुझा,
काका