दंडकारण्यातल्या नक्षलवादावर संशोधन करताना विश्वासार्ह साधनं कशी ओळखावीत?

तुमचा प्रश्न असा की पीएच.डी.साठी गडचिरोली-बस्तरमधल्या नक्षली चळवळीवर काम करायचं आहे, पण पोलीस एक सांगतात आणि माओवाद्यांची पत्रकं दुसरंच. मग भरवसा कशावर ठेवायचा? मी याच विषयावर काम केलं आहे. माझा सल्ला असा की सर्वस्वी भरवशाचं एखादं साधन शोधण्यात वर्ष घालवू नका. एक घटना घ्या आणि ती प्रत्येक साधनात कशी नोंदली गेली, ते ताडून पाहा.

सारकेगुडाचंच घ्या. २८ जून २०१२ च्या रात्री छत्तीसगडच्या बिजापूर जिल्ह्यात सुरक्षा दलांच्या गोळीबारात १७ गावकरी मारले गेले, त्यांत अल्पवयीन मुलंही होती. चकमकीत नक्षलवादी ठार झाले, असं तेव्हा जाहीर झालं. बीज पंडुम या पेरणीच्या सणाच्या तयारीसाठी बैठक चालू होती, असं गावकरी सांगत राहिले. या घटनेच्या चौकशीसाठी नेमलेल्या न्या. व्ही. के. अग्रवाल आयोगाचा अहवाल २०१९ मध्ये बाहेर आला. मृत माओवादी होते याचा समाधानकारक पुरावा नाही, असा त्याचा निष्कर्ष. आता २०१२ चा कोणताही तक्ता वापरताना ही १७ माणसं कोणत्या रकान्यात आहेत, हे तुम्हाला तपासावंच लागेल.

साउथ एशिया टेररिझम पोर्टल या संकेतस्थळावर नक्षली हिंसाचाराची २००० पासूनची आकडेवारी आहे आणि ती फार उपयोगी आहे. पण ती मुख्यतः बातम्यांवरून घेतलेली असते. दुर्गम भागातली बातमी बऱ्याचदा पोलिसांच्या प्रेसनोटवरून लिहिली जाते. म्हणजे तळटिपेत तीन संदर्भ दिसतात, पण मूळ एकच असतं. हे नवख्या संशोधकांच्या सहसा लक्षात येत नाही, म्हणून आवर्जून सांगतो.

न्यायालयीन कागदपत्रांकडे मात्र फार कमी जण वळतात, याचं मला वाईट वाटतं. पंचनामा, साक्षी आणि विशेषतः उलटतपासणी यांत दोन्ही बाजू एकमेकींचं म्हणणं खोडत असतात. निकालपत्रं न्यायालयांच्या ई-कोर्ट्स या संकेतस्थळावर मिळतात. सलवा जुडूम या सरकारी पाठबळाच्या नक्षलविरोधी सशस्त्र मोहिमेवरचा सर्वोच्च न्यायालयाचा ५ जुलै २०११ चा निकाल पूर्ण वाचा. पार्श्वभूमीसाठी योजना आयोगाच्या तज्ज्ञगटाचा २००८ चा अहवाल आणि संसदेतली प्रश्नोत्तरं पाहा. आधीचे प्रबंध शोधगंगा या ऑनलाइन प्रबंधसंग्रहात आहेत.

माओवाद्यांचे दस्तऐवज टाळू नका. पक्षाला काय भासवायचं आहे, हे त्यांतून नेमकं कळतं. ‘खबऱ्या’ ठरवून मारलेल्या माणसाबद्दलचं पत्रक मात्र त्याच्या गुन्ह्याचा पुरावा नव्हे. भाकप (माओवादी) वर २००९ पासून यूएपीए या बेकायदा कारवाया प्रतिबंधक कायद्याखाली बंदी आहे, त्यामुळे असं साहित्य जवळ ठेवण्याआधी मार्गदर्शक आणि विद्यापीठाची नीतिसमिती यांची लेखी संमती घ्या.

मुलाखतींसाठी माडिया ही तिथली आदिवासी भाषा येणारा दुभाषी लागेलच, पण तो पोलिसांच्या ओळखीतून घेऊ नका. लोक त्याच्यासमोर मोकळं बोलणार नाहीत. आत्मसमर्पितांच्या मुलाखती घेताना ते आज कुठे राहतात, त्या वेळी सोबत कोण बसलं होतं, हेही टिपून ठेवा. आणि गावाचं वा माणसाचं खरं नाव वहीत लिहूच नका. सांकेतिक नावं वापरा आणि त्यांची यादी क्षेत्रभेटीला जाताना सोबत नेऊ नका.