"तू घरीच असतेस ना?"

पत्र मोठं होतं, ओळख पटेल असं सगळं काढून थोडक्यात देतेय.

"ताई, आमच्या मजल्यावर चार घरं. चाव्या एकमेकांकडे, मुलं एकमेकांकडे, कुणी बाहेरगावी गेलं की झाडांना पाणी दुसऱ्यानं घालायचं, रविवारी सगळे मिळून जिना धुतो आणि मग तिथेच पायऱ्यांवर पत्ते. दोन वर्षांपासून मी घरून काम करते आणि तेव्हापासून 'तू घरीच असतेस ना' ऐकून कान किटलेत. सगळ्यांची पार्सलं माझ्याकडे, कुणाकडे प्लंबर येणार तर चावी घेऊन मी हजर. समोरचीचा मुलगा शाळेतून थेट माझ्याकडे येतो, दोन ते सहा, 'दोनच दिवस गं' म्हणून सुरू झालं त्याला आठ महिने झाले. आता माझे बाबा आमच्याकडे असतात, त्यांना एकटं सोडता येत नाही. गेल्या महिन्यात पहिल्यांदाच समोरचीला सकाळी साडेनऊला विचारलं, दहा ते अकरा बाबांजवळ बसशील का, तर 'आज नाही गं जमणार' म्हणून लिफ्टमध्ये शिरली. मी कुणासाठी काय केलं त्याची फोनमध्ये यादी आहे, ६४ नोंदी झाल्यात. नवरा म्हणतो ग्रुपवर टाक आणि सगळं बंद कर. पण माझ्या ऑपरेशनच्या वेळी हेच लोक धावले होते. चार दिवसांपूर्वी मी बेलच्या बटणावर चिकटपट्टी लावली, तर तो मुलगा दार वाजवून म्हणाला, काकू बेल बिघडली का, माझ्या बाबांना सांगू? आत जाऊन रडले. यादी दाखवू का?"

अगं, नको. यादी दाखवू नकोस, ग्रुपवर तर मुळीच नको. पण डिलीटही करू नकोस, आपल्याला जरा तिचा उपयोग आहे.

आधी सांगते की तुझा राग खोटा नाही. घरून काम म्हणजे रिकामा वेळ असं ज्यांना वाटतं त्यांना एक दिवस तुझ्या खुर्चीत बसवावं, मीटिंगमध्ये आपण बोलत असताना बेल वाजते, आपण म्यूट करून पळतो, सही करतो, खोकं आत ओढतो, परत येतो तर समोर सगळे गप्प बसून आपल्या उत्तराची वाट बघतायत. हे दिवसातून तीनदा झालं की माणूस चिडणारच, त्यात तुझा स्वभाव भिडस्त, तोंडावर हसायचं आणि आत जाऊन फोनमध्ये लिहायचं. भीड भिकेची बहीण म्हणतात ते उगीच नाही.

आता यादीकडे येऊ. पत्रात तू एका ओळीत लिहिलंयस की ऑपरेशनच्या वेळी हे लोक धावले. पुढे कंसात लिहिलंयस की जिन्याजवळच्या दादांनी रात्री दोन वाजता गाडी काढली, कोपऱ्यातल्या काकू तीन दिवस हॉस्पिटलात बसल्या, आणि तुझी लेक पाच रात्री समोरचीकडे झोपली. कंसात! आणि ६४ नोंदींत यातली एकही नाही, कारण ती यादी तू केलेल्याची आहे. टोमणा मारत नाहीये मी, सगळ्यांचं असंच असतं. १९७९ मध्ये रॉस आणि सिकोली या दोन संशोधकांनी नवरा-बायकोंना वेगवेगळं बसवून विचारलं होतं, घरातल्या अमुक कामात तुमचा वाटा किती. दोघांची उत्तरं एकत्र केली तर बऱ्याचशा कामांत बेरीज शंभर टक्क्यांच्या वर गेली. गंमत म्हणजे भांडणाला कारण कोण होतं या प्रश्नालाही लोकांनी स्वतःच्या नावावर जास्तच वाटा घेतला, म्हणजे हा निव्वळ फुशारकीचा प्रकार नाही, आपण केलेलं आपल्याला दिसतं, आठवतं, आणि दुसऱ्यानं आपल्या पाठीमागे केलेलं दिसतच नाही. एका छपराखालच्या दोघांचं हे असं, तर चार दारांचं काय होणार. तू यादी टाकलीस की संध्याकाळपर्यंत आणखी तीन याद्या येतील आणि सगळ्या खऱ्या असतील, मग बसा भांडत.

माझाच किस्सा सांगते. एका शेजाऱ्यांशी माझं वर्षभर बोलणं नव्हतं कारण माझ्या मते मी त्यांच्या झाडांना महिनाभर पाणी घातलं आणि त्यांनी साधं विचारलंही नाही. मनात धरून बसले होते. मग घर आवरताना माळ्यावर त्यांची शिडी सापडली, तीन वर्षं माझ्याकडे होती ती, रंगाचे डाग माझ्याच भिंतीचे. त्या बिचाऱ्यांनी एकदाही मागितली नव्हती, बल्ब बदलायला खुर्चीवर स्टूल ठेवून चढत होते म्हणे. शिडी परत द्यायला गेले तेव्हा तोंड कुठे लपवू असं झालं होतं. असो.

तर तुझी यादी उघड आणि एक काम कर. त्या ६४ मध्ये एकदाच घडलेली कामं कोणती आणि रोजची कोणती हे वेगळं काढ. मी पैजेवर सांगते, एकदाची कामं तुला खुपत नसणार. काकूंना फोन सेट करून दिला, दादांच्या प्लंबरसाठी थांबलीस, हे सगळं शेजारधर्मात बसतं, ते इकडचं तिकडे होतच राहतं आणि त्याचा हिशोब ठेवला की त्यातली मजा जाते. तुला खुपतंय ते एकच, तो मुलगा. आणि मुलगा नाही खुपत गं, त्याच्यावर तर तुझा जीव आहे हे त्या बेलच्या वाक्यावरून कळतंच, खुपतंय ते हे की रोजचे चार तास, आठवड्याचे वीस, आठ महिने, आणि त्याबद्दल तुमच्यात एकदाही बसून बोलणं झालेलं नाही. ही उसनवारी नाही राहिली आता. ही व्यवस्था आहे, नोकरीच म्हण अर्धवेळची, फक्त ती नोकरी तुला कुणी दिली नाही आणि तू घेतली नाहीस, ती नुसतीच अंगावर येऊन बसली. मदत न बोलता चालते, व्यवस्था न बोलता चालत नाही. तुम्ही दोघींनी व्यवस्थेला मदतीचं नाव देऊन ठेवलंय म्हणून तिला वाटतं सगळं छान चाललंय आणि तुला वाटतं आपल्याला गृहीत धरलं. धरलंयच. पण आठ महिन्यांत तू तिला 'आज जमणार नाही' किती वेळा म्हणालीस? पत्रात तरी एकदाही नाही. तिनं 'आज नाही जमणार' म्हटलं ते तुला एवढं लागलं, कारण ते वाक्य इतकं सोपं असतं हे तुला माहीतच नव्हतं.

आणि रागावू नकोस पण वेळ बघ की जरा. साडेनऊला विचारलंस दहासाठी. ती लिफ्टपाशी, पर्स खांद्याला, डोक्यात तिचं ऑफिस. तुझ्या मनात आठ महिन्यांचा हिशोब होता म्हणून तुला वाटलं हिनं कसंही करून थांबायलाच हवं होतं, तिच्यासाठी तो नुसता घाईतला एक प्रश्न होता. आदल्या रात्री विचारून तिनं टाळलं असतं तर मी तुझ्या बाजूनं भांडले असते.

मागण्याचाच विषय निघालाय तर एक खरी गोष्ट ऐक. अमेरिकेत वॉशिंग्टनला १९७० च्या दशकात साधारण दीडशे जोडपी मिळून एकमेकांची मुलं सांभाळायचा गट चालवत होती. मूल सांभाळलं की कुपन मिळायचं, आपलं मूल दुसऱ्याकडे सोपवलं की कुपन द्यायचं, एकदम चोख, कुणाचंच कुणावर ओझं नको म्हणून. झालं काय, प्रत्येकाला वाटायला लागलं हाताशी चार कुपनं जास्तीची असलेली बरी. सगळे दुसऱ्याची मुलं सांभाळायला तयार, आपलं मूल ठेवून बाहेर जायला कुणीच तयार नाही, आणि कुणी बाहेरच जात नाही तर सांभाळणार कुणाची मुलं? सगळा गाडा ठप्प. नियम वगैरे करून पाहिले, शेवटी जास्तीची कुपनं छापून वाटली तेव्हा लोक सैल झाले आणि पुन्हा सुरू झालं. अर्थशास्त्रवाले आजही मंदी समजावताना हे उदाहरण देतात, मला त्यात मंदी-बिंदी काही दिसत नाही, मला तुझ्यासारख्या बायका दिसतात. फक्त देणार. मागायची वेळ आली की नको, उगाच कशाला कुणाला त्रास. दोन वर्षांत तू फक्त एकदा काहीतरी मागितलंस, तेही अर्धा तास आधी. तुझ्या शेजाऱ्यांना तुझ्यासाठी काही करायची सवयच राहिलेली नाही, आणि त्यातला निम्मा वाटा तुझा आहे.

मग करायचं काय? समोरचीशी बोल, समोरासमोर, मेसेजवर नाही. आणि मुलगा तिथे असताना तर अजिबात नाही, त्या पोराला आपण कुणाला जड झालोय असं वाटता कामा नये. शनिवारी वगैरे तिला वेळ असेल तेव्हा म्हण, "अगं, आपण दोन दिवसांसाठी म्हणून सुरू केलं होतं आणि मी पण काही बोलले नाही, चूक माझी पण आहे. पण आता बाबा आहेत, काम वाढलंय, मला रोज नाही जमत. सोमवार आणि बुधवार मी आनंदानं बघेन, बाकीच्या तीन दिवसांचं तू बघ. या महिनाअखेरीपर्यंत मी चालवते." एवढंच. यात यादी नाही, लिफ्ट नाही, ऑपरेशन नाही. दिवस दोन का तीन ते तुझं तू ठरव पण बोलायला जायच्या आधी ठरव, तिथे जाऊन "बघू, तुला कसं जमतंय ते" असं पुटपुटलीस तर पाचही दिवस परत तुझ्याच गळ्यात. आणि बाकीच्या दिवसांचं काय करायचं ते तिला शोधू दे, लगेच तूच काकूंना विचारायला पळू नकोस, मी ओळखते तुमच्यासारख्यांना. ती जरा गप्प होईल, कदाचित चार दिवस तोंड वाकडं करेल. करू दे. आठ महिन्यांची सोय अचानक जाते म्हटल्यावर कुणालाही घाम फुटेल.

तू पत्राच्या शेवटी विचारलंयस की पैसे मागू का. माग की, त्यात लाजण्यासारखं काही नाही, पण आधी नीट विचार कर. इस्रायलमधल्या हैफा शहरात १० पाळणाघरांचा अभ्यास झाला होता, २००० साली छापून आला. पालक मुलांना न्यायला उशिरा यायचे म्हणून त्यातल्या ६ पाळणाघरांनी दंड लावला, तर उशीर करणारे कमी व्हायच्या ऐवजी जवळपास दुप्पट झाले. आधी जिवाला लागायचं की बाईंना आपल्यामुळे थांबावं लागलं, आता काय, पैसे दिलेत. आणि पुढे दंड काढून टाकला तरी आकडा खाली आला नाही, एकदा गेलेली भीड परत येत नाही. म्हणजे पैसे घेतलेस तर सहाचे साडेसहा झाले तरी तिला काही वाटणार नाही हे धरून चाल, मग वेळ, सुट्ट्या, आजारपण सगळं आधीच ठरवून घे. माझं मत विचारशील तर पैसे घेऊन पाच दिवस करण्यापेक्षा पैसे न घेता दोन दिवस कर. पण घरात पैशांची गरज असेल तर माझ्या मताला फार किंमत देऊ नकोस.

पार्सलांसाठी एवढं डोकं लावायची गरजच नाही. ग्रुपवर एक मेसेज टाक, "सोमवार ते शुक्रवार दहा ते एक मी मीटिंगमध्ये असते, दार उघडणार नाही, त्या वेळेतली पार्सलं दुसरीकडे द्यायला सांगा प्लीज." पुढे कारणं नकोत, सॉरीची रांग नको. आणि मग खरंच उघडू नकोस. पहिल्या आठवड्यात दोनचार जण वाजवतील, वाजवू देत.

तुझ्या नवऱ्याला सांग की सगळं बंद कर म्हणणं सोपं आहे, रात्री दोनला गाडी कुणी काढली ते त्यालाही आठवत असेल. पण त्याला हेही सांग की अधूनमधून प्लंबरची चावी घेऊन त्यालाही उभं राहता येतं, सुट्टीच्या दिवशी तोही घरीच असतो ना!

बेलवरची चिकटपट्टी आज काढ. त्या पोरानं खरंच बाबांना सांगितलं असेल तर ते स्क्रू ड्रायव्हर घेऊन दारात उभे राहतील आणि तुला काय बोलावं ते सुचणार नाही.

राहिलं एक. येत्या २४ तारखेला तुला ऑफिसला जावंच लागणार आणि बाबांजवळ कुणीतरी हवं असं लिहिलंयस. चार तास काकू आणि दोन तास समोरची असं विभागून विचारता येईल, किंवा दादांना विचार, पत्त्यांवर बसले की बाबांचं आणि त्यांचं छान जमतं असं तूच लिहिलंयस. पण २३ च्या रात्री नाही हं. आज संध्याकाळीच विचार.