वर्गात फोन एक, पोरं तीस : वाचकांचे प्रश्न

शाळेतल्या मोबाईल-कॉम्प्युटरबद्दल काय अडचणी असतील त्या लिहा म्हटलं होतं, तर पत्रांचा ढीगच पडला. त्यातली निम्मी कोल्हापूर जिल्ह्यातली. सगळी घेता येत नाहीत, चार घेतो.

प्रश्न : मी करवीर तालुक्यात नदीकाठच्या गावात जिल्हा परिषद शाळेत शिकवते. सहावी-सातवी एकत्र, पोरं तीसेक. लोकवर्गणीतनं स्मार्ट टीव्ही मिळालाय, त्यावर व्हिडिओ लावते, पोरं गप बसून बघतात आणि दुसऱ्या दिवशी विचारलं की डोकं कोरं. नेट कधी असतंय कधी नसतंय. माझा एक फोन आणि ऑफिसातला जुना कॉम्प्युटर, एवढ्यात डिजिटल प्रोजेक्ट कसा करायचा?

उत्तर : मॅडम, टीव्ही थोडे दिवस बंद ठेवा. पोरं गप बसतात एवढी एकच सोय आहे त्यात, आणि ती ऑफिसला आवडते म्हणून तो चालू राहतो.

पावसाळ्यात तुमच्या गावाला रोज एकच प्रश्न असतो, पाणी किती आलं? पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी पेपरात येते, व्हॉट्सअपवर फिरते, पारावर त्याच्यावरनं वाद होतात. ३९ फूट इशारा, ४३ फूट धोका, हे तुमच्या पोरांना पाढ्यांच्या आधी पाठ असणार. मग हाच प्रोजेक्ट घ्या की.

रोज एका जोडीनं पातळी वहीत लिहायची आणि शनिवारी सगळ्यांनी मिळून कॉम्प्युटरवर भरायची. रकान्यात आकडे भरून आलेख काढायला लिब्रेऑफिस हे सॉफ्टवेअर फुकट आहे, एकदा टाकलं की नेट लागत नाही, एक्सेल असेल तर तेही चालतंय. आता गंमत बघा, पातळी सांगतात फूट-इंचात, पोरं ४२ फूट ६ इंच हे ४२.६ असं टाकणार आणि दुसऱ्या दिवशीचं ४२ फूट ११ इंच हे ४२.११, मग कॉम्प्युटरच्या हिशोबानं ४२.११ लहान, म्हणजे पाणी चढलं त्याच दिवशी आलेखात उतरलेलं दिसणार. आधी सांगू नका. होऊ दे तसं. कुणीतरी ओरडेलच, मॅडम हे चुकलंय, त्या दिवशी तर आमच्या गोठ्यात पाणी आलेलं! तिथं थांबा, फूट आणि इंच वेगळे रकाने करा, इंचाला १२ नं भागून फुटात मिळवायचं सूत्र पोरांकडनंच लिहून घ्या, ४२ फूट ६ इंच म्हणजे ४२.५. दशांश अपूर्णांकाचा धडा यापेक्षा बरा कुठं मिळणार नाही.

मग आलेखावर ३९ ला आणि ४३ ला दोन आडव्या रेघा मारा. शेजारच्या रकान्यात राधानगरी धरणाचे स्वयंचलित दरवाजे कधी उघडले ते लिहा, आणि दरवाजे उघडल्यावर आपल्याकडं पाणी चढायला किती वेळ लागतो ते पोरांना काढू दे. फक्त सगळं खापर राधानगरीवर फोडू देऊ नका (पारावर तेच चालतं), पंचगंगेत कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती सगळ्यांचं पाणी येतंय, तिकडच्या पावसाला वेगळा रकाना पाहिजे.

दुसरा भाग आवाजाचा. २००५, २०१९ आणि २०२१ चा पूर बघितलेली माणसं घराघरात आहेत, त्यांना पोरांनी फोनवर रेकॉर्ड करायचं. फॅन बंद, फोन एरोप्लेन मोडवर, घडी केलेल्या टॉवेलवर तोंडापासून वीतभर लांब. आणि 'पूर कसा होता' असं विचारायचं नाही, त्याला 'लई मोठा' एवढंच उत्तर येतं. 'घरातनं सगळ्यात आधी काय उचललं?' असं विचारायचं, मग आजी सुरूच होते, जनावरं, पासबुक, देव्हाऱ्यातली मूर्ती, कुठला क्रम कुणाचा ते ऐकण्यासारखं असतंय. नंतर ऑडॅसिटी या आवाज कापायच्या फुकट सॉफ्टवेअरमध्ये कापून प्रत्येकी तीन मिनिटं ठेवा. काय कापायचं यावर पोरं जी भांडतील ना, तो खरा भाषेचा तास.

हे झालं की पालकसभेत आलेख आणि आवाज पेनड्राईव्हवरनं त्याच टीव्हीवर लावा.

प्रश्न : मुलगी आठवीत आहे, आम्ही राजारामपुरीत राहतो. शाळेतनं दर महिन्याला पीपीटी मागतात. पूर्वी नेट कॅफेवाला तयार करून द्यायचा, आता ती एआयला विचारते आणि दहा मिनिटांत मोकळी होते. थांबवायचं का?

उत्तर : भाऊ, नेट कॅफेवाल्याकडनं आणलेलं चालत होतं तर आता एआयवर राग कशाला? दोन्हीकडं पोरीनं काहीच केलेलं नाही. आणि खरं बोलायचं तर विषयच तसा असतो, 'पर्यावरणाचे महत्त्व' म्हटल्यावर पोरं दुसरं करणार काय.

चॅटजीपीटी १३ वर्षांखालच्या मुलांसाठी नाहीच आणि १८ पर्यंत पालकांची परवानगी लागते, तेव्हा तुम्ही शेजारी बसा. तिला सांगा, एआयचं उत्तर प्रिंट काढ आणि त्यातलं प्रत्येक वाक्य तपास, खरं निघालं तर हिरवी खूण, चूक निघालं तर लाल, कुठंच सापडलं नाही तर पिवळी. विषय कोल्हापुरातला घ्या म्हणजे पायी जाऊन तपासता येतं. शाहू महाराजांनी १९१७ मध्ये प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं, त्यावर एआयकडनं पानभर लिहून घ्या आणि रविवारी कसबा बावड्याला लक्ष्मी-विलास पॅलेसमध्ये, महाराजांच्या जन्मस्थळी, तिला घेऊन जा. नंतर लायब्ररी. तो खुणा केलेला कागदच स्कॅन करून पीपीटीत लावायचा. शाळेनं मार्क कमी दिले तर वर्गशिक्षकांना भेटून ती पिवळ्या खुणांची यादी दाखवा.

प्रश्न : इचलकरंजीत चित्रकला शिक्षक आहे. पोरांकडनं ॲनिमेशन करून घ्यायचंय, संस्था म्हणते टॅबसाठी देणगीदार शोधा. किती टॅब लागतील?

उत्तर : शून्य. सर, देणगीदार शोधण्यात वर्ष जाईल. स्टॉप मोशन स्टुडिओ अ‍ॅप फुकटात मिळतं, एक फोन बास. सेकंदाला १२ फोटो धरले तर अर्ध्या मिनिटाला ३६० लागतात, म्हणून गोष्ट छोटीच घ्या आणि गट पाडा, कोण शाडूचं पात्र हलवणार, कोण क्लिक करणार, कोण मोजणार. फोन दोन विटांच्या फटीत उभा करा आणि काम संपेपर्यंत त्याला कुणी हात लावायचा नाही, बटणासाठी इअरफोनच्या वायरवरचं बटण बऱ्याच फोनला चालतं. खिडकीजवळ मात्र करू नका, ढग आला की चित्र लुकलुकतं, पडदा लावून ट्यूबलाईटवर करा आणि स्क्रीनवर बोट दाबून धरून फोकस-उजेड लॉक करा. विषय तुमच्या गावात पडलाय, यंत्रमागात धागा तुटतो आणि जोडला जातो, एवढंच. मूकपटांच्या काळातले दिग्दर्शक बाबूराव पेंटरांनी कोल्हापुरात सिनेमाचा कॅमेराच स्वतः घडवला होता, हे संस्थेला आठवण करून द्या, जमलं तर.

प्रश्न : गडहिंग्लजचा मुख्याध्यापक आहे. मुलांनी केलेले व्हिडिओ शाळेच्या यूट्यूबवर टाकले तर चालतील ना? पालकांच्या ग्रुपवर कळवतोच.

उत्तर : ग्रुपवर मेसेज टाकला आणि खाली अंगठे आले म्हणजे संमती झाली असं नाही, सर. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालचा प्रत्येक जण मूल धरलाय आणि त्याची माहिती वापरायला पालकांची पडताळता येईल अशी संमती लागते. पालकसभेत कागदावर सही घ्या, नको म्हणणाऱ्याला कारण विचारू नका. आवाज, हात, शाडूची पात्रं दिसली तरी व्हिडिओ होतो, चेहरा, पूर्ण नाव आणि युनिफॉर्मवरचा बॅज एकत्र कशाला दाखवायचा? कमेंट बंद ठेवा. आणि ज्यांची सही आली नाही त्यांचं काम गाळू नका, ते पेनड्राईव्हवर घेऊन शाळेतच दाखवा.