‘टायपोग्राफी कच्ची आहे’ एवढं लिहून भागत नाही

तुम्ही दृश्यसंवादाच्या दुसऱ्या वर्षाला आहात. सत्राअखेर पोर्टफोलिओसोबत दोन पानी आत्मपरीक्षण द्यायचं आहे, त्यात बलस्थानं, उणिवा आणि प्रगती यांवर लिहायचंय. आणि ‘मेहनती आहे, रंगांची जाण चांगली, टायपोग्राफी (अक्षरांची निवड आणि मांडणी) कच्ची’ यापुढे गाडी सरकत नाही, असं तुम्ही विचारलंय.

सरकणार नाही, कारण ही तिन्ही विशेषणं वर्गातल्या कुणालाही चिकटवता येतात. स्वभावाबद्दल लिहायला बसू नका, कामाबद्दल लिहा. जूरीतल्या (काम तपासणाऱ्या मंडळातल्या) माणसाला तुमच्या वाक्यावरून थेट एखाद्या शीटवर बोट ठेवता आलं पाहिजे.

आधी सत्रभराचं सगळं बाहेर काढा. नुसती फायनल शीट्स नकोत; रफ (कच्ची रेखाटनं), रद्द केलेले पर्याय, शेरे मारलेले प्रिंटआउट, फाइलच्या जुन्या आवृत्त्या, सगळं. मग एका मोठ्या कागदावर प्रत्येक प्रकल्पासाठी पाच रकाने भरा: ब्रीफने, म्हणजे दिलेल्या कामाच्या सूचनापत्राने, काय मागितलं होतं (एकाच वाक्यात), एकमेकांपासून खरोखर वेगळ्या कल्पना किती झाल्या, कुठल्या टप्प्यात किती दिवस गेले, जूरीत काय शेरा आला, आणि शेवटी घाईत काय सोडून दिलं. दिवसांची नोंद ठेवलेली नसेल तर फाइल्सच्या तारखा आणि फोनमधले रफचे फोटो बघा, अंदाज येतो. एकाच प्रकल्पात आलेला शेरा अपघात असू शकतो. तोच शेरा दोन-तीन वेगळ्या प्रकल्पांत दिसला, तरच तो उणीव म्हणून लिहा.

यातला वेळेचा रकाना सगळ्यात बोलका असतो. समजा, तीन आठवड्यांच्या पोस्टरमध्ये दोन आठवडे संदर्भचित्रं गोळा करण्यात गेले आणि पहिलं रफ शेवटच्या चार दिवसांत पडलं. तर त्या पोस्टरची गिचमीड मांडणी ही ‘लेआउट कच्चा’ असल्याची खूण नाही. मांडणी बदलून बघायला दिवसच उरले नव्हते. उणीव आहे ती शोध कुठे थांबवायचा हे न ठरवण्याची. चुकीची उणीव लिहिली की उपायही चुकतो: माणूस ग्रिडची पुस्तकं वाचत बसतो आणि पुढच्या सत्रात पुन्हा तेच होतं.

काम नेमकं कुठे मोडलं हे शोधायला काही सोप्या चाचण्या आहेत. ए३ पोस्टर भिंतीवर लावा आणि तुमच्या शाखेबाहेरच्या कुणाला तरी साधारण दोन मीटरवरून पाच सेकंद दाखवून झाका. काय आहे, कधी आहे, कुठे आहे, एवढंच विचारा. ‘काय’ सांगता आलं पण ‘कधी’ नाही, तर मजकुराचा प्राधान्यक्रम फसलाय. मग तेच पोस्टर ग्रेस्केलमध्ये बदला. शीर्षक पार्श्वभूमीत विरघळलं तर रंग वेगळे होते, पण त्यांच्यातला गडद-फिका फरक पुरेसा नव्हता. ‘रंगांची जाण चांगली’ हे वाक्य या चाचणीनंतरच लिहा. पडद्यासाठीचं काम असेल तर मोजायला आकडाही आहे: वेब सुलभतेच्या प्रचलित निकषांत साध्या मजकुराला किमान ४.५ : १ आणि मोठ्या अक्षरांना ३ : १ कॉन्ट्रास्ट लागतो. शिवाय पडद्यावर झळाळणारा हिरवा किंवा निळा सीएमवायकेमध्ये (छपाईच्या चार शायांत) मातकट झाला असेल, तर तुमची जाण सध्या पडद्यापुरती आहे, असं लिहा. त्यात कमीपणा काही नाही.

आता टायपोग्राफी. हा एवढा मोठा डबा आहे की ‘कच्ची’ म्हटल्याने काहीच कळत नाही. तीन गोष्टी वेगळ्या काढा.

पहिली, सॉफ्टवेअरची सेटिंग. वेलांटी भलत्या बाजूला जाणं, ‘क्त’ किंवा ‘द्ध’ हलंतासकट सुटे पडणं, हे इनडिझाइन-इलस्ट्रेटरमध्ये वर्ल्ड-रेडी कंपोझर किंवा भारतीय लिप्यांचे पर्याय चालू नसल्यामुळे होतं. फॉन्टमध्ये सोय असेल आणि मजकुराची भाषा मराठी ठेवली असेल तर ‘ल’ आणि ‘श’ मराठी वळणाचे येतात, नाहीतर हिंदी वळणाचे. ही अर्ध्या तासात शिकायची माहिती आहे. तिला उणीव म्हणून परिच्छेद बहाल करू नका.

दुसरी, मांडणीची सवय. रोमनच्या सवयीने ओळींमधलं अंतर अक्षरांच्या आकाराच्या १२० टक्क्यांवर तसंच सोडलं की वरच्या ओळीतले उकार आणि खालच्या ओळीतले रफार एकमेकांना भिडतात. देवनागरीत १४० ते १५० टक्क्यांपासून सुरुवात करून फॉन्टप्रमाणे कमी-जास्त करावं. रोमन कॅपिटलसारखं ट्रॅकिंग (अक्षरांमधलं अंतर) वाढवलं की शिरोरेषा तुटते. आणि फॉन्टमध्ये बोल्ड नसताना बाह्यरेषा देऊन जाड केलेल्या अक्षरांची पोटं बुजतात. ‘ष’ आणि ‘क्ष’मध्ये हे लगेच दिसतं. तुमच्या शीट्सवर यातलं काही वारंवार दिसत असेल, तर ती लिहिण्याजोगी उणीव आहे, कारण ती बघण्याच्या सवयीत आहे.

तिसरी, अक्षराच्या बांध्याची समज. शीर्षकं हाताने काढताना काना कुठे जाड, गाठ कुठे बारीक, हे चुकतं. रोमनसाठीचा निब देवनागरीला तसाच वापरला तर जाड-बारीकपणा चुकीच्या जागी पडतो. बोरूचा काप उलट तिरका लागतो. ही उणीव सावकाश भरते. रोज एक पान बोरूने लिहिणं आणि कमल शेडगे यांनी मराठी नाटकांसाठी केलेली नामाक्षरं ट्रेसिंग पेपरवर उतरवून बघणं, हा उपाय पुढच्या सत्रासाठी ठामपणे लिहिता येईल. (नुसती अक्षरं गोळा करून फोल्डरमध्ये ठेवणं म्हणजे अभ्यास नव्हे.)

छपाईतल्या चुका, म्हणजे ३ मिलिमीटर ब्लीड (कापण्यासाठी कडेबाहेर वाढवलेली छपाई) न ठेवणं, १२०० पिक्सेल रुंदीचा फोटो पानभर ताणणं (३०० पीपीआयला, म्हणजे इंचाला ३०० पिक्सेल धरले तर, तो जेमतेम १० सेंटिमीटर छापतो), बारीक मजकूर नुसत्या काळ्या शाईऐवजी चार रंग मिसळून केलेल्या काळ्यात दिल्याने अक्षरांना रंगीत कडा येणं, या तपासयादीने सुटतात. त्या एका वाक्यात उरका.

बलस्थान लिहिताना एक पथ्य पाळा: ते किमान दोन प्रकल्पांत दिसलं पाहिजे आणि त्यातला एक तुमच्या आवडीचा नसावा. आणखी एक गोष्ट माझ्या मते फार महत्त्वाची आहे. चांगलं चित्र काढता येणारे विद्यार्थी प्रत्येक पोस्टर चित्राच्या जिवावर तारून नेतात. तुमचं बलस्थान चित्र असेल तर फाइलमधलं चित्र लपवा आणि उरलेला मजकूर बघा. मांडणी तरीही उभी राहते का? राहत नसेल तर बलस्थान आणि उणीव एकाच परिच्छेदात लिहा, कारण पहिल्याच्या आडोशाला दुसरी वाढलेली असते.

प्रगतीच्या भागात शिकलेल्या सॉफ्टवेअरची यादी देऊ नका. पहिल्या वर्षाचा एखादा छोटा ब्रीफ घ्या, तोच आकार, तोच मजकूर, तितकाच वेळ ठेवून पुन्हा करा आणि दोन्ही शेजारी लावा. तेवढी उसंत नसेल तर शेरे लावून बघा: पहिल्या सत्रात येणारा कोणता शेरा आता येत नाही, आणि कोणता अजून येतो? रफची संख्या वाढली म्हणून प्रगती झाली असंही नाही. चाळीस थंबनेलमध्ये (छोट्या रफमध्ये) तेच शीर्षक डावीकडून उजवीकडे सरकवलेलं असेल, तर ती एकच कल्पना आहे.

दोन पानांपैकी जवळपास अर्धी जागा एक किंवा दोन उणिवांना द्या. पाच उणिवा लिहिल्या की एकही पटत नाही. वाक्याचा नमुना देतो: ‘नाट्यमहोत्सवाच्या पोस्टरमध्ये आणि लग्नपत्रिकेत तारीख शेवटी सापडते, कारण दोन्हीकडे मी आधी सजावट ठरवली आणि मजकूर उरलेल्या जागेत बसवला. पुढच्या सत्रात पहिल्या आठवड्याअखेर फक्त काळ्या अक्षरांत तीन मांडण्या करून दाखवीन, त्यानंतरच रंग घेईन.’ यात जागा आहे, कारण आहे, मुदत आहे.

गटाने केलेल्या प्रकल्पात फक्त तुमच्या हातून झालेला भाग लिहा. प्लॉटर बिघडला, फ्लेक्सवाल्याने उशीर केला, हे इथे नको. प्रत्येक दाव्याशेजारी सात-आठ सेंटिमीटर रुंदीचं चित्र लावा. त्यात फायनलबरोबर ते रफही दिसू द्या, जिथे निर्णय बदलला, आणि खाली तारीख व एक ओळ: काय बदललं आणि कशामुळे.