विणकामात सुईवर टाके घालतानाच अडतंय, टाके फार घट्ट होतात. नवशिक्याने सुरुवात कुठल्या पद्धतीने करावी?

तुम्ही एकात दोन प्रश्न विचारलेत. टाके घालायच्या, म्हणजे विणायला सुरुवात करण्याआधी सुईवर पहिले फास चढवायच्या, चार-पाच पद्धती दिसतात, त्यातली कुठली धरू, हा एक. आणि घातलेले टाके सुईला असे आवळून बसतात की पहिल्या ओळीत दुसरी सुई आत शिरतच नाही, हा दुसरा. दुसऱ्याबद्दल सांगण्यासारखं जास्त आहे, पण आधी पहिला घेते. माझं उत्तर थोडं उलटं वाटेल: टाके घालणं आत्ता शिकूच नका.

विणता येणाऱ्या कुणाला तरी 20 टाके घालून त्यावर तीन-चार ओळी विणून द्यायला सांगा. पुढे तुम्ही नुसते सुलट टाके (इंग्रजीत ‘निट’) विणत राहा, प्रत्येक ओळ सुलट. पट्टी वीतभर झाली की मग टाके घालायकडे वळा. कारण साधं आहे. विणकामात टाके घालणं सर्वांत आधी येतं, पण हातांसाठी तीच जागा सर्वांत अवघड. खाली धरायला कापड नसतं, टाके सुईभोवती गरगर फिरतात, आणि नीट बसलेला टाका दिसतो कसा हे डोळ्यांना अजून माहीतच नसतं. वीतभर विणून झाल्यावर धागा किती ताणायचा ते बोटांना कळलेलं असतं. मग तेच काम निम्म्याने सोपं वाटतं. मी कुणालाही शिकवताना हाच क्रम ठेवते आणि शिकणाऱ्यांची कुरकुर ऐकून घेते, कारण प्रत्येकाला ‘अगदी पहिल्यापासून’ शिकायचं असतं.

टाके घालून देणारं कुणी जवळ नसेल, तर ‘निटेड कास्ट ऑन’ या नावाने जी पद्धत दाखवतात ती घ्या. तिच्यात वेगळी हालचाल शिकावी लागत नाही, सुलट टाक्याचीच हालचाल वापरायची असते. धाग्याची सरकगाठ, म्हणजे धागा ओढला की आवळणारा फास, करून ती डाव्या सुईवर चढवा. उजवी सुई त्या फासात समोरून मागे घाला, तिच्या टोकाभोवती धागा घ्या आणि तो धागा फासातून पुढे ओढून घ्या. इथपर्यंत तो सुलट टाकाच आहे. फरक एवढाच, की जुना फास डाव्या सुईवरून सोडायचा नाही. उजव्या सुईवर आलेला नवा फास उचलून डाव्या सुईवर, आधीच्या शेजारी ठेवायचा. दोन टाके झाले. आता शेवटच्या टाक्यात उजवी सुई घालून पुन्हा तेच. हिचा काठ जरा सैल, जाळीदार येतो. पण नवशिक्याला सैल काठ चालतो, घट्ट चालत नाही. शिवाय 20 टाके घालता घालता सुलट टाक्याचा 19 वेळा सराव होतो तो वेगळाच.

हीच पद्धत थोडी बदलून, सुई टाक्याच्या आत न घालता शेवटच्या दोन टाक्यांच्या मधून घातली की ‘केबल कास्ट ऑन’ होते. काठ दोरीसारखा भक्कम येतो. काजं करताना किंवा विणता विणता बाजूला टाके वाढवताना ती फार उपयोगी, पण टोपीच्या किंवा मोज्याच्या काठाला नको, ताणली जात नाही.

एका पद्धतीपासून मात्र सावध करते, कारण ती सगळ्यांत सोपी म्हणून पहिल्यांदा तीच दाखवली जाते. अंगठ्याभोवती धाग्याचा एक वळसा घ्यायचा आणि तो सुईवर सरकवायचा, झाला टाका. मिनिटात 20 टाके तयार. खरी गंमत पहिल्या ओळीत सुरू होते. एकेक टाका विणला की पुढच्या टाक्यापर्यंतचा धागा थोडा लांबतो, आणि ओळीच्या शेवटी दोन सुयांमध्ये लोंबता धागा उरतो. घट्ट घातले असतील तर सुई आत जात नाही, सैल घातले असतील तर निसटतात. ही पद्धत वाईट नाही, मधेच दोन-तीन टाके वाढवायला मीही वापरते. पण पहिल्याच दिवशी हिच्यामुळे सुया खाली ठेवलेले लोक पाहिलेत.

आता खरी शिकण्यासारखी पद्धत. हिला ‘लाँग टेल कास्ट ऑन’ म्हणतात, म्हणजे धाग्याचं लांब शेपूट सोडून केलेली. एकदा हातात बसली की बहुतेक सगळं विणकाम हिच्यावर निभतं. हिच्यात एकच सुई लागते, ती उजव्या हातात. आधी शेपूट सोडून सरकगाठ करा आणि सुईवर चढवा. आता दोन धागे खाली लोंबतात, एक शेपटाचा आणि एक गुंड्याकडे जाणारा. डाव्या हाताचा अंगठा आणि तर्जनी जोडून त्या दोन धाग्यांच्या मधे घाला आणि फाकवा. शेपटाचा धागा अंगठ्यावर, गुंड्याचा तर्जनीवर. दोन्हींची खालची टोकं उरलेल्या तीन बोटांनी तळहाताशी धरून ठेवा. सुई जरा खाली आणली की अंगठ्यावर एक फास दिसतो. सुईचं टोक त्या फासात खालून वर घाला, तर्जनीच्या अलीकडच्या धाग्यावरून नेऊन तो धागा पकडा, आणि आल्या वाटेने अंगठ्याच्या फासातून खाली बाहेर काढा. अंगठा सोडा, पुन्हा शेपटाखाली घाला आणि हलकेच मागे घेत टाका सुईवर बसवा.

वाचायला हे किचकट आहे, आणि पहिले दोन-तीन प्रयत्न बोटांचा गुंता होणारच. ‘अंगठ्याच्या आत, तर्जनीवरून, अंगठ्यातून बाहेर’ असं तोंडाने म्हणत करा. सरकगाठ पहिला टाका म्हणून मोजतात, हे लक्षात असू द्या.

आता तुमचं घट्टपणाचं दुखणं. ‘टाके सैल घाला’ हा सल्ला तुम्ही नक्कीच ऐकला असेल, पण सैल म्हणजे नेमकं काय सैल, हे कुणी सांगत नाही. इथे दोन वेगळ्या गोष्टी घट्ट होऊ शकतात आणि दोन्हींचे उपाय वेगळे आहेत.

एक, सुईवर बसलेला फासच घट्ट असतो. पहिल्या ओळीत सुई आत शिरत नाही ती यामुळे. बहुतेक वेळा टाका सुईच्या निमुळत्या टोकावरच आवळलेला असतो. टोक बारीक, म्हणून फासही बारीक. तो मागे जाड भागाकडे ढकलला की गच्च बसतो. टाका आवळायच्या आधी तो सुईच्या पूर्ण जाडीच्या भागावर आला पाहिजे. एवढं सांभाळलं तरी निम्मी तक्रार संपते. दुसरं म्हणजे तर्जनीकडचा धागा ओढू नका. फास त्याच धाग्याचा बनलेला असतो, तो ओढला की फास आवळतो.

दोन, फास नीट असतात पण काठच आखडतो. हे टाके घालताना कळत नाही. इंचभर विणल्यावर दिसतं: वरचं कापड पसरतं, खालचा काठ मात्र नाडी ओढलेल्या पिशवीच्या तोंडासारखा गोळा होतो. याचं कारण फासात नाही, दोन टाक्यांच्या मधल्या धाग्यात असतं. लाँग टेलमध्ये शेपटाचा धागा एका टाक्याच्या बुडापासून दुसऱ्याच्या बुडाशी जातो. नवा टाका आधीच्याला अगदी चिकटवून आवळला तर मधे धागा उरतच नाही. विणल्यावर टाक्याला जेवढी रुंदी हवी असते तेवढी काठ देऊ शकत नाही. म्हणून नवा टाका आवळताना उजव्या हाताची तर्जनी आधीच्या टाक्यावर टेकवून ठेवा, म्हणजे नवा त्याला जाऊन भिडणार नाही. दोघांत साधारण सुईच्या जाडीइतकी जागा राहू द्या. सुईवर टाके विरळ दिसतील, दिसू देत.

म्हणूनच ‘दोन सुया एकत्र धरून टाके घाला’ हा उपाय मला अर्धवट वाटतो. त्याने फास मोठे होतात, पहिली ओळ विणायला सोपी जाते, हे खरं. पण टाके खेटूनच बसवले तर काठ तरीही आखडणार, आणि वर पहिल्या ओळीतले लांबट ढगळ फास दिसणार ते वेगळेच. त्यापेक्षा एक नंबर जाड सुईवर टाके घालून विणायला नेहमीची सुई घेणं बरं, तेही अंतर सांभाळून.

शेपूट किती सोडायचं, हा पुढचा डोकेदुखीचा भाग. 80 टाके घालायचे आणि 74 व्यावर शेपूट संपलं की सगळं उसवून पहिल्यापासून. कापडाच्या रुंदीच्या तिप्पट धागा सोडा असं ढोबळमानाने सांगतात. त्याहून भरवशाचं म्हणजे सुईभोवती धाग्याचे 10 वेढे घ्या, उलगडून लांबी बघा आणि तुमच्या टाक्यांच्या हिशेबाने वाढवा. 80 टाक्यांना त्याच्या आठपट, आणि वर वीतभर जास्तीचा. टाके विरळ ठेवायची सवय असेल तर आणखी थोडा धरा. टाके दीडशे-दोनशे असतील तर हिशेब नकोच. दोन गुंड्यांची टोकं, किंवा एकाच गुंड्याची आतली आणि बाहेरची दोन टोकं, एकत्र घेऊन सरकगाठ मारा. एक धागा अंगठ्यावर, दुसरा तर्जनीवर. टाके पूर्ण झाले की अंगठ्याकडचा धागा वीतभर ठेवून कापा. इथे ती गाठ टाका म्हणून मोजायची नाही, पहिली ओळ झाल्यावर सुईवरून काढून सोडवायची. नंतर दोन टोकं जास्तीची लपवावी लागतात, पण शेपूट संपण्याची भीती नाही.

मोजताना प्रत्येक 20 टाक्यांनंतर वेगळ्या रंगाच्या धाग्याचं एक लहान कडं सुईवर अडकवा. कुणी हाक मारली तरी पहिल्यापासून मोजावं लागत नाही.

सामानाबद्दल थोडक्यात. फिकट रंगाची, गुळगुळीत, मध्यम जाडीची लोकर घ्या. काळ्या लोकरीत टाका दिसत नाही, केसाळ लोकर उसवता येत नाही, आणि सुती धागा लोकरीसारखा ताणला जात नसल्याने नवीन हात लवकर दुखतात. सुया लाकडी किंवा बांबूच्या असल्या तर टाके कमी घसरतात. जाडी 4.5 किंवा 5 मिलिमीटर. नंबरापेक्षा मिलिमीटर बघून घ्या, कारण नंबरांच्या दोन पद्धती आहेत आणि त्या एकमेकींच्या उलट चालतात. जुन्या ब्रिटिश पद्धतीत नंबर वाढला की सुई बारीक होते: 8 नंबर म्हणजे 4 मिलिमीटर, 11 नंबर म्हणजे 3. अमेरिकन पद्धतीत नंबर वाढला की सुई जाड होते, तिथे 8 नंबर म्हणजे 5 मिलिमीटर. योगायोगाने 7 नंबर दोन्हीकडे 4.5 च येतो.

डावखुरे असाल तर लगेच सगळं आरशातल्यासारखं उलटं करू नका. विणकामात दोन्ही हात सारखेच राबतात, आणि नमुने उजव्या हाताच्या हिशेबाने लिहिलेले असतात. आधी आहे तसंच करून बघा, फारच अवघडलं तर बदला.

सराव करताना 20 टाके घाला, दोन ओळी विणा, काठ दोन्ही हातांनी आडवा ताणून बघा. वरचं कापड जेवढं ताणलं जातं तेवढाच काठही ताणला गेला पाहिजे. नाही गेला तर सुई काढून उसवा आणि पुन्हा घाला, हीच लोकर कितीही वेळा वापरता येते. पहिली ओळ विणायला घेताना हातात गुंड्याकडचा धागा आहे ना, हे प्रत्येक वेळी तपासा. उरलेलं शेपूट तिथेच शेजारी लोंबत असतं आणि चुकून त्यानेच विणलं जातं, मग अर्ध्या ओळीत धागा संपतो. टाके घालून झाले की शेपटाची छोटी लडी करून गाठ मारून ठेवा, म्हणजे तो धागा हातात येणारच नाही.