मांजर उचललं की ओरबाडून पळते, तिला माया कशी लावायची?

तुम्ही लिहिलंय की नाशिकरोडला दोन महिन्यांपूर्वी आणलेली मांजरी नीट खाते-पिते, पण मांडीवर घेतलं की ओरबाडून पळते, मग तिला आपली माया कळतच नाही का? कळते हो. फक्त उचलणं थांबवा.

आमच्या पंचवटीतल्या घरी ठकी आली ती ऐन पावसात, जिन्याखाली भिजून बसलेली. पहिले तीन आठवडे तिने दिवाणाखाली काढले. माझी मुलगी सारखी हात घालून तिला बाहेर ओढायची आणि ठकी आणखी आत सरकायची. शेवटी सासूबाईंनी दिवाणाखालची जागा ठकीची म्हणून जाहीर केली, तिथे कोणी हात घालायचा नाही. त्या रोज संध्याकाळी शेजारीच खाली बसून भाजी निवडायच्या, तिच्याकडे बघायच्यासुद्धा नाहीत. चौथ्या आठवड्यात ठकी बाहेर आली, मेथीच्या काड्या हुंगल्या, सासूबाईंच्या गुडघ्याला गाल घासला आणि परत गेली. मांजराच्या गालाजवळ गंधाच्या ग्रंथी असतात. गाल घासून ती आपला वास तुम्हाला लावते, म्हणजे घरातलं मानते. माझ्या लेखी हे मांडीवर बसण्याहून मोठं आहे.

गोंजारताना आधी बोट नाकासमोर धरा. तिने हुंगून डोकं पुढे केलं तरच गाल, हनुवटी, कानाच्या मुळाशी खाजवा. चार-पाच सेकंदांनी हात काढून बघा, परत डोकं घुसवलं तर पुढे चालू ठेवा. ती उताणी पडली तरी पोटाला हात लावू नका, तो तिने दाखवलेला विश्वास आहे. शेपूट आपटायला लागली, कान मागे गेले, पाठीची कातडी थरथरली की थांबा. ओरबाडण्याआधी ती एवढं सगळं सांगून झालेली असते. आणि टक लावून बघू नका, डोळे सावकाश मिटून उघडा. इंग्लंडमधल्या ससेक्स विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२० मध्ये हे तपासलं होतं. माणसाने असे डोळे मिटले की मांजरंही तसंच करतात, आणि अनोळखी माणसाच्या हाताजवळही जास्त येतात.

आता काळजीचं. इथे मी चुकले आहे, म्हणून सविस्तर सांगते. आमचा बोका बंड्या एका मार्चमध्ये सारखा रेतीच्या ट्रेमध्ये जाऊन बसायचा, कण्हायचा, पण लघवीचा थेंब नाही. मला वाटलं पोट साफ होत नसेल, म्हणून रात्र जाऊ दिली. सकाळी डॉक्टरांनी पोट चाचपलं तर मूत्राशय लिंबासारखं टणक. मार्ग तुंबला होता. भूल देऊन नळी घालावी लागली, आणखी उशीर झाला असता तर तो गेला असता. बोक्यांचा मूत्रमार्ग अरुंद असतो, त्यामुळे हे त्यांच्यात जास्त होतं. ती रात्र मला अजून टोचते. तेव्हापासून घरात तीन ठिकाणी पाण्याचे वाडगे असतात, खाण्याच्या ताटलीपासून लांब, आणि कोरड्या खाण्यासोबत ओलं खाणंही देते. ट्रे साफ करताना किती ओलं झालंय ते रोज बघते. मांजराने एक दिवस काहीच खाल्लं नाही तरी मी आता थांबत नाही, डॉक्टरांकडे नेते.

दुधाची सवय लावू नका, मोठ्या मांजरांपैकी बहुतेकांना ते पचत नाही. कांदा-लसूण घातलेला रस्सा, पॅरासिटामॉलची गोळी, कुत्र्याचं गोचिडाचं औषध यातलं काहीही तिच्या जिवावर बेतू शकतं. फिनाईलने पुसलेली फरशीसुद्धा नको, कारण ती पंजे चाटते. लसी आणि नसबंदीचं डॉक्टरांना विचारून लवकर उरकून घ्या. आणि नाशकातल्या जानेवारीत गाडी सुरू करण्याआधी बॉनेटवर थाप मारा, थंडीने मांजरं इंजिनाच्या उबेला आत शिरतात.

आज संध्याकाळी फक्त जमिनीवर बसा, तिच्याकडे पाठ करून, हातात काहीतरी काम घेऊन. बोट हुंगून निघून गेली तरी तेवढ्यावर थांबा आणि उद्या त्याच वेळी, त्याच जागी बसा.